गोदूबाईच्या भाकऱ्यांची वारसनोंद

आजीने सांगावं, नातीने ऐकावं आणि पटलं नाही तरी मान डोलवावी, ही जगाची रीत. नेहाने मानही डोलवली, वहीत लिहूनही घेतलं, आणि वर पेनाला टोपण लावत विचारलं, “आजी, ह्याला दुसरं कोणी दुजोरा देईल का?”

दुजोरा! करवंदशेत गावात सुंदराबाईंच्या शब्दाला दुजोरा मागणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. म्हणजे इतके दिवस सुंदराबाईंची तशी समजूत होती. प्रत्यक्षात तो एकोणीस वर्षांपूर्वीच जन्माला आला होता, त्यांच्याच घरात, त्यांच्याच हातची गुटी चाटून वाढला होता, आणि आता रोज सकाळच्या एस.टी.ने मुरबाडच्या कॉलेजात जाऊन दुसऱ्या वर्षाला बसत होता.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तर सुंदराबाईंनी गिळलं असतं. पण नेहा आंघोळीला गेली तेव्हा त्यांनी ती वही उघडली. सुंदराबाई सापगावच्या शाळेत दुसरीपर्यंत गेलेल्या. अक्षराला अक्षर लावत, मध्ये दम खात का होईना, पण वाचायच्या. वहीत लिहिलं होतं : ‘माहिती देणारी व्यक्ती क्रमांक ३. सुंदरा. वय अंदाजे ७५. शिक्षण नाही.’

तीन! स्वतःच्या घरात, स्वतःच्या नातीच्या वहीत तिसरा नंबर! पहिला कोणाला? चुलतदीर देवजीला, ज्याच्याशी बांधाच्या भांडणावरून सुंदराबाईंचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. दुसरा कोणाला? शेजारच्या रत्नाला, जिला सकाळी काय शिजवलं ते दुपारी आठवत नाही, आणि जी इतिहास सांगायला बसली!

नेहा केस पुसत बाहेर आली तोवर सुंदराबाई दारात उभ्या होत्या.

“अंदाजे म्हंजे काय गो? मी काय बाजारातलं वांगं हाय, अंदाजानं तोलायला?”

“आजी, तो फॉरमॅट आहे. सगळ्यांचं तसंच लिहायचं असतं.”

“तुझ्या फॉरमॅटला सांग, मी दुसरी पास हाय. बापानं तिसरीत घातली असती तर आज तुझ्या सरांना मी शिकवलं असतं.”

तर हा फॉरमॅट घरात घुसला कसा, ते सांगायला हवं. नेहाच्या कॉलेजने ठरवलं की दुसऱ्या वर्षाच्या पोरांतून फक्त दोघांना ‘ऑनर्स’च्या संशोधनाला आत्तापासून घ्यायचं. एरवी हे काम चौथ्या वर्षाचं. त्यासाठी आपल्या भागाच्या इतिहासावर एक छोटा प्रकल्प करायचा, आणि शहापूरच्या एका सभागृहात पाच मास्तरांसमोर उभं राहून तो सांगायचा. नेहाने विषय घेतला : बेचाळीसच्या चळवळीत सिद्धगडच्या रानात जी माणसं दडून होती, त्यांना पायथ्याच्या गावांनी काय मदत केली. करवंदशेतातून आजवर कोणी चौथ्या वर्षापर्यंत गेलेलं नव्हतं; मुली तर दुसऱ्या वर्षातच पत्रिकेत छापल्या जायच्या. नेहाचा बाप मंगेश यानेही एक स्थळ राखून ठेवलं होतं. निवड झाली तर पोरगी शिकेल, नाही झाली तर मेमध्ये मांडव, असा साधा हिशेब होता. मांडवाचं नाव निघालं की नेहा जेवणावरून उठायची, आणि तिला उठताना पाहिलं की सुंदराबाईंनाही घास जायचा नाही. तेव्हा हा प्रकल्प पार पडावा, ही इच्छा त्यांचीही होती. फक्त तो पार पडायला महिना कशाला लागावा, हे त्यांना कळत नव्हतं.

कारण उत्तर घरातच होतं. सुंदराबाईंच्या सासूने, कैलासवासी गोदूबाईने, डोंगरावर भाकऱ्या नेल्या. झाला इतिहास. संपला.

हे सुंदराबाईंना ठाऊक असायला कारण होतं. लग्न होऊन घरात आल्यापासून सासू मरेपर्यंत त्यांनी हे जेवणाइतक्या नेमाने ऐकलं होतं. सुनेची भाकरी तव्यावर चिरली, की गोदूबाई म्हणायची, “आमी डोंगरावर भाकऱ्या पोचवल्या. पोलीस वाटेत, डोक्यावर टोपली. पर एका भाकरीला चीर नाय.” भात करपला, तरी डोंगर. पाणी भरायला उशीर झाला, तरी डोंगर. सिद्धगड हा किल्ला राजेरजवाड्यांनी कशासाठी बांधला ते असो, गोदूबाईने तो सुनेच्या डोक्यात घालण्यासाठी वापरला. इतकी वर्षं डोक्यावर डोंगर घेऊन वावरलेल्या बाईला कोणी विचारावं, की डोंगर होता याला दुजोरा काय?

विचारणारी नेहा एकटी नव्हती. तिच्यामागे सुरेंद्र सर होते. शहापूरहून मोटारसायकलने यायचे, बोलायचे हळू आणि चहात साखर घ्यायचे नाहीत. सुंदराबाईंना बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या माणसाचा पहिल्यापासून संशय. सरांनी ओटीवर बसून शांतपणे सांगितलं, “आजी, तुमच्यावर अविश्वास नाही. पण इतिहासात एकाच घरातली आठवण पुरत नाही. बाहेरचा एक पुरावा हवा. गावातल्या कोणाचं चार ओळींचं लेखी असलं तरी चालेल.”

“म्हंजे बाहेरच्यानं सांगितलं की आमचं खरं?”

“तसंच काहीसं,” सर म्हणाले, आणि खरं बोलल्यासारखे बिनसाखरेचा चहा प्यायले.

झालं. आता बाहेरचा पुरावा म्हटल्यावर सल्ले फुटले. रत्ना म्हणाली, “वैनी, स्टॅम्प पेपर करा. स्टॅम्पावर लिवलं की खोटं पण खरं होतं, मग खरं किती खरं होईल?” मंगेश म्हणाला, “आये, तू यात पडू नको.” हा सल्ला मंगेश जन्मल्यापासून देत होता आणि सुंदराबाई तो तेव्हापासून फेटाळत होत्या. शेवटी त्यांनी स्वतःच ठरवलं. गावात लेखी म्हणजे कोणाचं? तलाठ्याचं. शेत कोणाचं, विहीर कोणाची, कोण मेलं, कोण उरलं, हे सगळं तलाठी लिहितो ते खरं. मग भाकऱ्याही त्यानेच लिहाव्यात. तलाठ्याचं नाव सरकारने बदलून आता ग्राम महसूल अधिकारी केलं होतं. पाटी नवी लागली होती, माणूस तोच होता, आणि गुरुवारशिवाय तो याही नावाने सापडत नव्हता. अर्ज मात्र आता हाताने चालत नाही, कॉम्प्युटरमधून यावा लागतो, असं कळलं. म्हणून सुंदराबाई नाक्यावर भावेशच्या ई-सेवा केंद्रात गेल्या. नेहाला न सांगता. काम झालं की कागद तिच्या वहीवर नेऊन आपटायचा, असा बेत होता.

भावेश चांगला मुलगा. कोणालाही नाही म्हणत नाही. त्यामुळेच निम्म्या गावाच्या रेशनकार्डावर भलतीच माणसं जेवतात.

“काय पायजे, काकी?”

“माझ्या सासूनं बेचाळीस साली डोंगरावर भाकऱ्या नेल्या, असा सरकारी कागद.”

भावेशने पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला. “उत्पन्नाचा हाय, जातीचा हाय, रहिवाशी हाय, वारसाचा हाय. भाकरीचा नाय, काकी.”

“मग जवळचा कंचा?”

“तुमी गोदूबायच्या कोण?”

“सून.”

“म्हंजे वारस,” भावेश म्हणाला, आणि सुंदराबाईंनाही ते बिनचूक वाटलं. सासूच्या गोष्टीचा वारसा त्यांच्याकडे नाही तर कोणाकडे?

पुढे लाल फुलीचे रकाने आले. लाल फुली म्हणजे भरल्याशिवाय यंत्र पुढे सरकत नाही. मिळकतीचा तपशील? “भाकऱ्या लिव,” सुंदराबाई म्हणाल्या. क्षेत्र? भावेशने शून्य टाकलं. यंत्राने शून्य घेतलं नाही. मग त्याने एक टाकलं. यंत्राने ते आनंदाने घेतलं आणि पुढे आपण होऊन ‘हेक्टर’ लावलं. भावेशने अंगठा मागण्याआधीच सुंदराबाईंनी ठणकावून सही केली. दुसरी पास होत्या.

चौथ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली :

‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, मौजे करवंदशेत येथील कै. गोदूबाई यांचे नावे असलेली मिळकत, भाकऱ्या, क्षेत्र १ हेक्टर, यांस वारस म्हणून श्रीमती सुंदराबाई यांचे नाव दाखल करणेकामी अर्ज प्राप्त झाला आहे. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांचे आत कागदोपत्री पुराव्यासह कळवावे. मुदतीनंतर तक्रार चालणार नाही.’

खाली सही, शिक्का. तलाठ्याने वाचून सही केली असती तर नोटीस लागली नसती; पण वाचून सही करायची तर गुरुवार पुरत नाही.

पहिल्या दिवशी गाव हसला. दुसऱ्या दिवशी गाव विचारात पडला. एवढं सरकार भाकऱ्या नोंदवून घेतंय, ते उगाच का? तिसऱ्या दिवशी उलगडा झाला : बेचाळीसच्या माणसांना मदत करणाऱ्यांच्या वारसांना दाखला मिळणार, आणि त्या दाखल्यावर पोलीसभरतीत जागा राखीव. हे कोणी सांगितलं? सगळ्यांनी. आणि सुंदरा एकटीच गुपचूप जाऊन एक हेक्टर भाकऱ्या आपल्या नावावर करून आली!

रत्ना तर कुंपणावरूनच ओरडली. “वैनी, स्टॅम्पाची अक्कल मी दिली, आन् तुमी एकट्याच? आमच्या आजेसासूनं काय डोंगरावर दगड नेले?”

“परवापर्यंत तुझ्या आजेसासूचं नावसुद्दा तुला ठावं नव्हतं!”

“आता ठावं झालं!”

मुदत संपेपर्यंत एकोणचाळीस हरकती आल्या. गावात घरं बावन्न. देवजीने तर आईच्या फोटोसकट हरकत घातली. फोटोत ती चुलीपाशी बसली होती, म्हणजे कागदोपत्री पुरावा. पलीकडच्या आळीतल्या संगीताने हरकत घातली, तेव्हा मात्र सुंदराबाई चक्रावल्या. संगीताचं सासर मूळचं इथलं नव्हेच. त्यांचं गाव धरणात गेलं आणि ते करवंदशेतात आले बहात्तर साली. “मग तुमच्या भाकऱ्या काय पोहत आल्या का गो?” असं सुंदराबाईंनी विहिरीवर विचारलं, तर संगीता म्हणाली, “आमच्या लोकांनी तिकडनं पाठवल्या असतील. तुमाला काय ठावं?”

नेहाने डोक्याला हात लावला. मग डोक्याचा हात काढून हिशेब मांडला. ती तशीच होती. रडायच्या आधी आकडे मांडायची. “आजी, प्रत्येक घर म्हणतंय रोज किमान दहा भाकऱ्या. चाळीस घरं. म्हणजे चारशे. आणि रानात माणसं होती जेमतेम पंधरा-वीस.”

“म्हंजे माणशी वीस भाकऱ्या!” सुंदराबाई कडाडल्या. “एवढं खाऊन माणूस इंग्रजाशी लढंल का घोरत पडंल? काय बोलतात त्याची लाज नाय लोकांना!”

“चारशेतल्या दहा आपल्या पण आहेत, आजी.”

“आपल्या खऱ्या हायत!”

“तेच तर सगळे म्हणतायत,” नेहा म्हणाली आणि वही घेऊन आत गेली. उलट बोलणारी माणसं सुंदराबाईंनी पुष्कळ सरळ केली होती. पण ही उलट बोलत नव्हती, हिशेब सांगत होती. त्याला कसं सरळ करणार?

गुरुवारी सुनावणी लागली. ग्रामपंचायतीच्या खोलीत तलाठी भाऊसाहेब, पुढ्यात एकोणचाळीस कागद, आणि कागदांमागे एकोणचाळीस घरं. सोमवारी नेहाचं शहापूरचं सादरीकरण. म्हणून सुरेंद्र सरही आले होते. भाऊसाहेबांनी पहिल्यांदाच नोटीस नीट वाचली, आणि त्यांच्या कपाळावर एक हेक्टरभर आठ्या पडल्या.

“हे काय प्रकरण आहे?”

नेहा उठली. प्रकल्प, पोर्टल, लाल फुली, सगळं सांगितलं. मग म्हणाली, “साहेब, आता सगळे जमलेच आहेत, तर मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारू का? मला तेवढ्याने पुरेल.” भाऊसाहेबांना दुपारच्या आत सुटायचं होतं. ते म्हणाले, विचार.

“देवजीआजोबा, तुमच्या आईने भाकऱ्या कुठल्या वाटेने नेल्या?”

“कुठल्या म्हंजे? सडकेनं. वनखात्याच्या नाक्यावरनं सरळ वर.”

“ती सडक कधी झाली?”

देवजी सरपंच असताना झाली होती. अठ्ठ्याऐंशी साली. सडकेच्या तोंडाला देवजीच्याच नावाची फरशी होती, आणि तिच्यावर साल कोरलेलं होतं. देवजीने खोकला काढला. मागून कोणीतरी म्हणालं, “म्हातारीनं आधी सडक केली, मग भाकरी,” आणि खोली हसली. सगळ्यांत मोठ्याने सुंदराबाई हसल्या. बारा वर्षांचं हसू साठलेलं होतं.

रत्ना म्हणाली, सडकेनं. संगीता म्हणाली, धरणाच्या भिंतीवरनं. पुढच्या पंधराजणांनी सडक सांगितली. त्यापुढच्यांनी शहाणपणाने ‘रानातनं’ म्हटलं, पण कुठल्या रानातनं म्हटल्यावर ‘झाडांच्या’ म्हणाले. मग नेहाने वहीवरून मान वर केली.

“आजी, तू सांग. गोदूआजी कुठल्या वाटेने गेली?”

गावासमोर! देवजीसमोर! सुंदराबाई पदर सावरून उठल्या, तोंड उघडलं, आणि वाट आठवू लागल्या. सासूने टोपलीचं वजन सांगितलं होतं. पोलिसांच्या मिशा सांगितल्या होत्या. न चिरलेली भाकरी तर हजारदा सांगितली होती. पण वाट? वाट कधी सांगितली नव्हती. एकदाही नाही. इतक्या वर्षांत आपणही कधी विचारली नाही, हे सुंदराबाईंच्या तिथं उभ्या उभ्या ध्यानात आलं.

“वाटेनं म्हंजे…” त्या म्हणाल्या. “डोंगराच्या.”

“कुठल्या बाजूच्या, आजी?”

आता देवजी हसला. सुंदराबाईंना वाटलं, हिला गुटी चाटवली ते बोट कापून टाकावं.

तेवढ्यात दारातल्या पायरीवरून आवाज आला. “सडकेनं नाय, धरणानं नाय. बेहड्याच्या झाडाखालनं, कोंडीच्या डोहाच्या वरच्या अंगानं, नि मंग डोंगराच्या सोंडेसोंडेनं. अर्ध्यात एक झरा हाय, तिथं बसाचं.”

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. ओढ्यापलीकडच्या कातकरवाडीतली चिमा. ती हरकत घालायला आलीच नव्हती. तिची म्हातारपणाची पेन्शन अडकली होती, कारण ती जिवंत असल्याचा दाखला कॉम्प्युटरला मिळत नव्हता. ती भाऊसाहेबांची वाट बघत सकाळपासून पायरीवर बसली होती.

“तुम्हाला कसं माहीत, चिमाआजी?” नेहा पायरीपाशी जाऊन खाली बसली.

“माजी आय न्यायाची. सावळी. लाकडाच्या मोळीत भाकऱ्या पानात बांधून घालाची, नि मोळी डोक्यावर. पोलीस तुमची घरं तपासायाचे, गाड्या तपासायाचे. कातकरणीच्या मोळीत कोण हात घालतो? मी ल्हान व्हते तवा ती मला त्याच वाटंनं रानातलं कंद खणाया न्यायाची, नि झऱ्यावर बसून सांगायाची.”

“सावळी?” देवजी उसळला. “तुझी आय? आन् भाकऱ्या कोणाच्या?”

“तुमच्याच. वाडीत कुठं पीठ व्हतं?” चिमा म्हणाली. तिच्या आवाजात ना राग, ना लोभ. “चारपाच घरं द्याची. देवजी, तुझ्या आयच्या तांदळाच्या, पातळ, नि मोजून दोन. रत्नाच्या घरनं एकदाच आल्या, मंग भ्यायली, दार लावलं. गोदूबायच्या नाचणीच्या. जाड. रोज.”

रोज! सुंदराबाईंच्या अंगात वारं भरलं. बाहेरचा पुरावा बाहेर पायरीवर बसलेला होता, आणि तो म्हणत होता, रोज! वाट चुकली तर चुकली; चालणं सावळीचं असेल, पण भाकरी गोदूची होती, जाड होती आणि रोजची होती. देवजीच्या मोजून दोन! त्यांनी गावाकडे एकदा पाहून घेतलं, आणि माणसाला मिळालं तेवढ्यावर थांबता आलं असतं तर काय हवं होतं? त्या म्हणाल्या, “ऐकलं ना सगळ्यांनी? आता हे पण सांग, चिमे. माझी सासू भाकऱ्या द्याची ती कशी द्याची? चांगली मानानं द्याची ना? सांग सगळ्यांना.”

चिमाने जरा आठवल्यासारखं केलं.

“मागल्या दारी बोलवाची. आय लुगड्याचा पदर पसरून उभी ऱ्हायाची, नि गोदूबाय वरनं टाकाची. शिवू नये म्हनून.”

खोलीत कोणी हसलं नाही. देवजीसुद्धा नाही, त्याला आपल्या दोन भाकऱ्या कशा दिल्या गेल्या ते उमगलं असावं. सुरेंद्र सरांनी मान खाली घालून लिहिलं. नेहाने लिहिलं नाही.

सुंदराबाई खाली बसल्या. गावात आजवर त्यांना कोणी बोलून बसवलं नव्हतं. आणि चिमा तर बोललीही नव्हती. विचारलं तेवढं सांगितलं होतं.

भाऊसाहेबांनी घड्याळ पाहिलं, सगळ्या हरकतींवर ‘निकाली’ म्हणून एकामागून एक शिक्के मारले, आणि चिमाला पुढे बोलावून तिचा अंगठा यंत्रावर ठेवला. यंत्र म्हणालं, जुळत नाही. दुसरा ठेवला. जुळत नाही. मोळ्या बांधून बांधून रेषाच उरल्या नव्हत्या.

“बाई, तुम्ही जिवंत असल्याचं सिद्ध होत नाही,” भाऊसाहेब म्हणाले. “तालुक्याला जावं लागेल.”

इथे मात्र सुंदराबाईंना वाट सापडली. मघापासून आत जे काही तुंबलं होतं, ते सगळं भाऊसाहेबांच्या टेबलावर सांडलं. “सिद्द व्हत नाय? तिनं आत्ता ऐंशी वर्सांमागचं सिद्द केलं, ते तुमच्या कानांनी ऐकलंत! अख्ख्या गावाला गप्प केलंन्, ती काय मेलेली बोलली? माझ्या एक हेक्टर भाकऱ्या तुमच्या यंत्राला चालल्या, नि ही समोर उभी बाई चालत नाय? लिवा हातानं! मी सही करते!” भाऊसाहेबांनी हाताने लिहिलं. कायद्यात बसतं की नाही कोण जाणे. पण त्या खोलीतून बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती.

घरी आल्यावर सुंदराबाई तीन दिवस धुसफुसत होत्या. सासूच्या फोटोला रोजचा नमस्कार केला, पण ओझरता. चूक झालेल्या माणसाला वाटेत ओळख द्यावी तसा. राग नेमका कोणाचा, ते ठरत नव्हतं. सासूचा, की तिने पायही आपलेच म्हणून सांगितले? नेहाचा, की तिने गावासमोर विचारलं? की स्वतःचा? स्वतःवर रागवायची सवय नसल्यामुळे त्यांनी तो मंगेशवर काढला, रत्नावर काढला, दूधवाल्यावर काढला. पण तो संपत नव्हता. कारण पडवीच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप पालथा घातलेला होता. चिमा कधी आवळे, कधी करवंदं घेऊन दारात आली की तिला चहा त्या कपात मिळायचा, आणि तोही वरून ओतून. हे कोणी शिकवलं होतं, ते सांगायला चिमाच्या दुजोऱ्याची गरज नव्हती.

रविवारी दुपारी नेहा ओटीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी शहापूर. बोटं चालत होती, थांबत होती, परत मागे जात होती.

“काय खोडतेस?” पायरीवर बसलेल्या सुंदराबाईंनी विचारलं.

“काही नाही, आजी. एक वाक्य काढतेय.” नेहाने वर पाहिलं नाही. “ते ‘वरून टाकायची’ वालं. सावळीबाईंचं नाव आहे, वाट आहे, गोदूआजीच्या रोजच्या भाकऱ्या आहेत. तेवढं पुष्कळ झालं. तुझ्या मनाला लागेल असं कशाला लिहायचं? सरांना मी सांगेन, नीट आठवत नव्हतं म्हणून.”

“बरोबर,” मंगेश आतून म्हणाला. “घरातलं घरात. उद्या सोयरिकीला लोक विचारतील.”

सुंदराबाई पायरीवरून उठल्या, कोनाड्यातला कप काढला, अंगणातल्या दगडावर आपटला आणि नातीच्या पुढ्यात येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“मनाला लागंल? महिनाभर माझ्या एकेका शब्दाला पुरावा मागितलास, तवा नाय लागलं? अख्ख्या गावात मला उभी करून ‘कुठल्या बाजूच्या, आजी’ विचारलंस, तवा नाय आली माझी दया? नि आता चिमा खरं बोलली, तर ते तू पुसतेस, वर म्हणतेस माझ्यासाठी! माझ्यासाठी नाय गो, तू भ्यायलीस. माझ्या सासूनं मला अर्धी गोष्ट दिली, नि मी ती पुरी म्हणून जपली. मला कोणी दुसरीपुढं शाळेत घातलं नव्हतं. तुला घातलीय. लिव. ‘गोदू भाकऱ्या भाजायची, सावळी डोंगर चढायची, नि गोदू तिला त्या वरनं टाकायची.’ नि त्याखाली लिव, सून सुंदरा पण तसंच करायची, परवापर्यंत. असं खालच्या मानेनं बघू नको माझ्याकडं. विचारायला वाघीण, नि लिवायला शेळी! असली शेळी चौथ्या वर्षाला गेली काय नि मांडवात गेली काय, सारखंच. लिव आधी!”